पाठ केलेला खोकला

सासूबाई खोकल्याच नाहीत.

काचेपलीकडे बसलेल्या सुनेच्या कपाळावर आठी उमटली. औषध-दुकानं चालवणाऱ्या एका कंपनीत नव्या माणसांना तयार करायचं काम तिच्याकडे होतं. नियम घोकून पोपट तयार होतात, औषधवाले नाही, असं ती साहेबांना ठणकावून आली होती. म्हणून तिनं हे लुटुपुटीचं दुकान मांडलं. काउंटर खरं, खोकी रिकामी, आणि गिऱ्हाइकाचं सोंग घेतलेलं कुणीतरी. समोरच्या माणसाकडे बघून काय विचारायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

आज ठरलेल्या बाईंनी ऐनवेळी टांग दिली, म्हणून तिनं सासूबाईंना आणलं. सासरे गेल्यापासून त्या खिडकीशी नुसत्या बसून असत. तेवढाच विरंगुळा. काम सोपं होतं. खोकायचं, औषध मागायचं, आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे हे विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

"झोपेच्या गोळ्या द्या," सासूबाई म्हणाल्या. "जरा जास्तच द्या. परत परत यायला नको."

सुनेनं कपाळावर हात मारला.

काउंटरमागच्या नव्या मुलीनं चिठ्ठी मागितली नाही. मिळणार नाहीत, असंही ती म्हणाली नाही. तिनं फक्त विचारलं, "आजी, झोप कधीपासून येत नाही?"

मग ती वळसा घालून बाहेर आली आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. काचेपलीकडे आवाज पोचवणारा माइक काउंटरवरच राहिला. काचेतून एवढंच दिसत होतं, की मुलगी गप्प आहे आणि सासूबाई बोलतायत. घरात दिवसाला चार शब्द न बोलणाऱ्या सासूबाई थांबायचं नाव घेईनात.

रक्तदाबाचा विषय निघायची चिन्हं दिसेनात. शेवटी सून हसतहसत आत गेली.

"सॉरी हं. आमच्या आई पाठ विसरल्या. आपण पुन्हा पहिल्यापासून करू."

मुलगी उठली नाही. सासूबाईंचा हात तिनं सोडला नव्हता.

"मॅडम, परीक्षा राहू दे. तुम्ही आधी बसा इथे."

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"विसरले नव्हते गं," त्या सुनेला म्हणाल्या. "घरी कसं सांगावं, तेच कळत नव्हतं. इथलं सगळं खोटं असतं म्हणालीस, म्हणून धीर झाला."