दिव्याखालचं धान

बिबट्याने दारातली शेळी उचलून नेली, तेव्हापासून ताराचंद अंगणातला मोठा दिवा रात्रभर चालू ठेवायचा. उजेड थेट त्याच्या लेकीच्या, गुड्डीच्या अंथरुणावर पडायचा. पोरगी टक्क जागी राहायची. शेवटी शाळेत चक्कर येऊन पडली.

"झोप आणणारं मेलाटोनिन अंगात अंधारातच तयार होतं," पवनीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "दिवा बंद करा."

"अन् बिबट आला तं? झोप मोठी का पोरीचा जीव?" ताराचंद तडकून उठला.

दुसऱ्या दिवशी तो अंगणालगतच्या धानाच्या बांधीत गेला. सगळं धान लोंबीवर आलं होतं. दिव्याचा उजेड पडायचा तेवढाच पट्टा नुसता हिरवा होता, एक लोंबी नाही. "यालेबी अंधार लागते," तो पुटपुटला.

पुढच्या खेपेला गुड्डी दवाखान्यात उड्या मारतच शिरली.

"दिवा बंद केला वाटतं?"

"केला जी."

"मग तुमचे डोळे का एवढे लाल?"

ताराचंदने आधी पोरीला बाहेर पाठवलं.

"बिबट अजून येऊनच राहिला जी. आता दिव्याच्या जागी मी बसतो."