तोंड वर करून

"बॅटरीची तार काढली की पंधरा मिनिटं स्टीअरिंगला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "आत करंट साठलेला असतो. घाई केली तर एअरबॅग तोंडावर फुटते."

"बसतो की. मला कुठे जायचंय!" गाडीवाला म्हणाला आणि टायरांच्या चळतीवर टेकून त्याने पेपर उघडला. साठीचा, सावकाश बोलणारा माणूस.

लाल, दोन सीटची, जुनी स्पोर्ट्स गाडी. हॉर्न बंद, आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून राहिलेला. स्टीअरिंगच्या आतली, हॉर्नला नि एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळीची पट्टी तुटली असणार. ती बदलायची तर आधी एअरबॅग काढायला हवी. तिच्यासाठी हातचा मळ. पण सकाळी ही गाडी दारात आली तेव्हापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

दोन वर्षं ती अशीच एक लाल गाडी शोधत होती.

तिचा धाकटा भाऊ तेव्हा दुसऱ्या गॅरेजात कामाला होता. घरच्या गॅरेजात बहिणीचा हुकूम ऐकावा लागतो, म्हणून गेला होता. एका दुपारी हॉस्पिटलातून फोन आला. डाव्या पायात सळ्या घातलेल्या, कपाळावर टाके. "पुलाच्या वळणावर... लाल गाडी होती, दोन सीटची," एवढंच तो बोलला. पोलिसात जाऊ म्हटलं तर त्यानेच हात जोडले. "जाऊ दे ना ताई. जीव वाचला ना?" पहिल्यापासून असाच, गरीब गाय. त्याची भांडणं शाळेपासून तिनेच भांडलेली. दहा महिने तिने त्याला उचलून बाथरूमला नेलं. लग्नाचं बोलणं चाललं होतं, तेही बारगळलं.

ती बॉनेटच्या बाजूने हात फिरवत गेली. उजवीकडचा पत्रा नंतर बसवलेला होता.

"ठोकली होती का हो कधी?"

"हो ना. दोन वर्षं झाली. पुलाच्या वळणावर."

"कोणाला लागलं?"

"लागलं. एका पोराच्या पायाचा पार चुरा झाला बिचाऱ्याच्या." त्याने पान उलटलं.

"मग पोलीस?"

"नाही गेलो. मिटवून टाकलं. चूक होते हो माणसाच्या हातून. तेवढ्यासाठी कोणाचं आयुष्य नासवायचं का?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं झाली होती.

स्टीअरिंगच्या मागचे दोन स्क्रू तिने सोडवले. एअरबॅग हलकेच पुढे ओढली, पिवळा प्लग काढला आणि ती टेबलावर तोंड वर करून ठेवली. पालथी ठेवली आणि फुटली, तर छताला जाऊन आदळते.

"ही मूळची नाही," ती म्हणाली.

"मूळची तेव्हाच उघडली. तिच्यामुळे तर जीव वाचला."

आत बसलेल्याला उशी, आणि माझ्या भावाला डांबर!

पिवळा प्लग परत लावलाच नाही तर? पुढच्या धडकेत एअरबॅग उघडणारच नाही. दिवा तिला विझवता आला असता. कोणाच्या बापाला कळलं नसतं. चांगला मिनिटभर तिने हा विचार मनात घोळवला. मग हातातला पाना टेबलावर आपटला.

"लाज नाही वाटत? तोंड वर करून सांगताय, मिटवून टाकलं म्हणून? मिटवणारे तुम्ही कोण?"

गाडीवाला दचकून उभा राहिला. "अहो, पण..."

"ज्याने केलं त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती! मग तो कोणी का असेना!"

"एवढं रागावण्यासारखं..."

"तो पोरगा माझा सख्खा भाऊ आहे!"

गाडीवाल्याच्या हातातून पेपर गळून पडला. "भाऊ? आणि तरी असं म्हणता?"

"भाऊ आहे म्हणूनच म्हणते! आज माझ्यासमोर माफी मागितल्याशिवाय ही गाडी इथून हलणार नाही."

"माफी कधीच मागून झाली हो. हॉस्पिटलातच."

"खोटं! साफ खोटं!" ती मागच्या दाराकडे वळून ओरडली, "ए, बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!"

काठीचा आवाज आला. धाकटा दारात उभा राहिला. त्याने आधी गाडी पाहिली, मग गाडीवाल्याला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हेच ना ते?" तिने विचारलं.

"ताई... तू आत चल ना."

"घाबरू नकोस. मी आहे ना इथे. बोल!"

गाडीवाल्याचा चेहरा मात्र खुलला होता. पुढे येऊन त्याने धाकट्याच्या खांद्यावर थाप मारली.

"अरे, चालायला लागलास की! आणि शब्दही पाळलास. सांगितलंस तर ताईला, सर्व्हिसिंगला टाकलेली माझी गाडी त्या दिवशी न विचारता तूच पळवत होतास ते."