समोरची चूल

लढाईच्या महागाईत दगडोबानं हिंगोलीच्या बाजारातून मोठ्या हौसेनं काडीपेटी आणली, तरी त्याची बायको शकुबाई रोज दिवेलागणीला गोवरीचा तुकडा घेऊन समोरच्या पार्वतीकाकूकडं विस्तव मागायला जायचीच. विचारलं तर म्हणायची, “तेवढीच काडी वाचती.” शेवटी तो चिडला. “एका काडीसाठी लोकाच्या दारात काहून जातीस?” “काडीचं निमित्त हाय हो,” शकुबाई हसली. “काका गेल्यापासून काकू सांजची चूल पेटवत न्हाईत. एका पोटासाठी सरपण काहून जाळू, म्हणतेत, अन् फुटाणे खाऊन झोपतेत. आपुन इस्तू मागितला, की राखंतला निखारा फुंकून चूल पेटवतेत. मग पेटलीच हाय तर भाकर टाकतेत.” पुढं शकुबाई तापानं पडली, तेव्हा गोवरी घेऊन दगडोबाच समोर गेला. “काकू, इस्तू द्या बरं,” म्हणताना त्यानं खिशातली काडीपेटी वाजू नये म्हणून मुठीत आवळली.