अडकलेला हॉर्न

राजूरच्या गणपतीपुढं नव्या जीपला हार घालून पुंजारामनं जो हॉर्न दाबला, तो वाटूर येईपर्यंत थांबलाच नाही. वाटेत एसटी बिचारी शेतात उतरून उभी राहिली, म्हशींनी तर कुणी धारेला बसायच्या आधीच दूध सोडलं! शरमेनं पुंजारामची मान वर होईना. वाटूरच्या मिस्तरीनं स्टेरिंगखाली उघडी पडलेली वायर टेपनं गुंडाळली, तेव्हा कुठं हॉर्न गप्प झाला.

पुंजाराम हुश्श करतो तोच शेजारी ताठ बसलेली त्याची बायको नंदाबाई म्हणाली, "मिस्तरी, ती टेप काढा."

"अगं, येडी झाली का?"

"पुढचं गाव माझं माहेर हाय. 'जावयाकडं सायकलबी न्हाई' म्हणणाऱ्या आमच्या आबाला आता कमी ऐकू येतंय!"