पहिल्या रांगेचं हसू

पहिल्या रांगेत कर्णबधिर मंडळी बसणार आहेत, तेव्हा तो 'ठार बहिऱ्या नवऱ्या'चा विनोद तेवढा गाळा, असं संयोजक बाई परोपरीने सांगत होत्या. पण विनोदवीर ऐकतात कुठले! "अहो, गंमत आहे ती. एवढं काय मनावर घ्यायचं?" म्हणाले आणि चढले स्टेजवर.

कडेला उभी असलेली दुभाषी ताई त्यांचं वाक्यन् वाक्य हातांच्या खुणांनी सांगत होती आणि पहिली रांग पोट धरधरून हसत होती. विनोदवीरांना चेव आला. बहिऱ्या नवऱ्याची नक्कल त्यांनी आणखी पाच मिनिटं ताणली, अगदी कमरेवर हात ठेवून, ऐटीत.

विंगेत येताच त्यांनी ताईला गाठलं. "पाहिलंत? सगळ्यांत जास्त बहिरेच हसले!"

ताई ओशाळली. "विनोदाला नाही हो सर. तुमच्या पँटची चेन उघडी होती. मी तुम्हाला खुणावणारच होते, पण पहिल्या रांगेतल्या आजींनी मला हातानेच थांबवलं."

"का?"



"म्हणाल्या, 'गंमत आहे गं. एवढं काय मनावर घेतील ते?'"