सोडून दिलेलं नाव

सुताराच्या वेबसाइटवर त्याचा एकच फोटो होता: पाठमोरा, रंधा मारताना. तो वारल्यावरही वेबसाइटचं नाव त्याची मुलगी दरवर्षी न चुकता रिन्यू करायची.

यंदा फोटोत त्याची मान किंचित वळलेली दिसली. मग खांदा वळला. अर्धा चेहरा दिसू लागला, तसा तिने भावाला फोन लावला.

"भास गं, दुसरं काय," भाऊ फोनवर म्हणाला. "एवढी घाबरतेस तर सोडून दे ना ते नाव."

तिने मुदत टळू दिली. आज भरदुपारी, भाऊ फोनवर असतानाच, तिने वेबसाइट उघडली. पान कोरं होतं.

"दादा, बाबा गेले एकदाचे," तिने सुस्कारा सोडला.

भावाने दबक्या आवाजात विचारलं,

"मग तुझ्या मागे रंधा कोण मारतंय?"