दाराच्या आतली चिठ्ठी

"खोक्यांवर पत्ता लिहू नका," बाई म्हणाली. "नुसते आकडे घाला."

मुकादमांचा खडू हवेतच थांबला. तीस वर्षं लोकांचे संसार हलवण्यात गेली होती. सामान बांधायच्या दिवशी शहाणीसुरती माणसंही काहीबाही बोलतात, हे त्यांना पाठ होतं. चोरांना भीत असेल. त्यांनी खोक्यांवर एक, दोन, तीन असे आकडे घातले आणि बाईने दिलेल्या कागदावरून नवा पत्ता आपल्या वहीत उतरवून घेतला. दोन दिवसांच्या प्रवासावरचं, खाली दक्षिणेतलं गाव. तिथे म्हणे ऐन हिवाळ्यातही लोक अंगणात झोपतात.

"मोठीची छाती नाजूक आहे," बाईने आल्या आल्याच सांगितलं होतं. "इथला आणखी एक हिवाळा तिला झेपायचा नाही, म्हणाले डॉक्टर. हे पुढे गेलेत, घर लावायला. आम्हाला साडेतीनची गाडी मिळालीच पाहिजे, मामा."

"मिळेल, ताई. माझ्या हातून आजवर कुणाची गाडी चुकलेली नाही."

हे ते मनापासून बोलत होते. या शहराचा गारठा एकदा छातीत शिरला की काय करतो, ते त्यांनी कितीतरी घरांत पाहिलं होतं. ही पोरगी वाचायला हवी, असं त्यांना सकाळपासून वाटत होतं. तरी बरं, दिवसभरात ती एकदाही खोकली नव्हती.

दोघी बहिणी कोट घालून गुंडाळलेल्या गादीवर बसल्या होत्या. जिन्यात धाडधाड पावलं वाजली तशी धाकटी टुणकन उठून टेबलाखाली शिरली.

"अगं, हमाल आहे तो," मोठी म्हणाली. "ऐक ना नीट."

मुकादमांना गंमत वाटली. "पावलांवरून कळतं तुला?"

"सगळ्यांचं कळतं. खालच्या आजी एक पाय ओढतात. दूधवाला दोन-दोन पायऱ्या चढतो."

"आणि बाबा?"

"बाबांच्या बुटांना नाल आहेत. तळमजल्यापासूनच ऐकू येतात." एवढं बोलून ती दाराकडे बघू लागली.

आठवण आली बिचारीला. मुकादमांनी खिशातल्या दोन गोळ्या काढून एकीच्या हातावर एक ठेवली आणि दुसरी टेबलाखाली पोचती केली.

"आई, तिकडे अर्ध्या बाह्यांचा फ्रॉक घालता येईल?" टेबलाखालून प्रश्न आला.

"येईल. मलासुद्धा येईल," बाई म्हणाली आणि तिने स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या.

मोठं कपाट, आरामखुर्ची, आतल्या खोलीतला पलंग हे सगळं तिथेच राहायचं होतं. बेसिनवर दाढीचा ब्रश दिसला म्हणून मुकादमांनी कागदात गुंडाळायला घेतला.

"ते राहू दे," बाई घाईने म्हणाली. "तिकडे नवीन घेतलंय."

ब्रश ओला होता. पोरींनी फेस करून खेळायला घेतला असावा. त्यांनी तो होता तिथे ठेवला.

बाई सारखी घड्याळ बघत होती. घड्याळ सहा नंबरच्या खोक्यात गेलं, तरी ती भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिली. अडीचला टॅक्सी आली. सामानाचा ट्रक आधीच पुढे गेला होता. पोरींना खाली पाठवून बाई दारात थबकली.

"मामा, कुणी विचारलं तर..." ती म्हणाली, आणि तिथेच अडखळली. "काही नाही. किल्ली दाराखालून आत सरकवा. उपकार झाले तुमचे."

"निर्धास्त जा, ताई. मागचं मी बघतो."

मागचं बघणं हे मुकादमांचं खरं व्रत होतं. सोडलेल्या घराला ते स्वतः झाडू मारत, आणि निघताना एक चिठ्ठी लावत. हमाल यावरून त्यांची टिंगल करायचे, पण ते ऐकत नसत. ऐन तरुणपणी कामाच्या मागे त्यांनी घर बदललं होतं आणि मागे पत्ता ठेवला नव्हता. आई गेल्याची तार महिनाभर जुन्या दाराशी पडून राहिली. आईचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही, हे शल्य त्यांना अजून जागं ठेवी. त्या दिवसापासून त्यांनी एकही घर पत्त्यावाचून सोडलं नव्हतं.

खोक्यांवर नको म्हणाली, ठीक आहे. पण घराच्या आत, बंद दारामागे चोर कुठून येणार? शिवाय मोठीच्या तपासणीचे कागद दवाखान्यातून इथेच यायचे. बाईच्या ओठांवर आलेलं तेच असणार. त्यांनी वहीतला पत्ता ठळक अक्षरांत उतरवला, चिठ्ठी दाराला आतून छोट्या खिळ्याने ठोकली, दार ओढून घेतलं आणि किल्ली खालच्या फटीतून आत सरकवली. चार वाजत आले होते. गाडी सुटून अर्धा तास झाला असेल. मुकादमांना फार बरं वाटलं.

तळमजल्यावर दाराशी एक माणूस पायपुसण्यावर उभा राहून खांद्यावरचा बर्फ झटकत होता. त्याने मुकादमांच्या हातातल्या झाडूकडे आणि दोराच्या गुंडाळीकडे पाहिलं.

"कुणाचं सामान हलवलं?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं. साडेतीनच्या गाडीने गेलीसुद्धा मंडळी."

त्या माणसाने मान वर करून जिन्याकडे पाहिलं.

"दवाखान्यातून आलात का?" मुकादमांनी विचारलं. "पत्ता आहे लावलेला, पण दाराच्या आत. आणि किल्ली मी आत्ताच आत सरकवली बघा."

"असू दे," तो माणूस अगदी शांतपणे म्हणाला. "माझ्याकडे किल्ली आहे."

मुकादमांनी अंग चोरून त्याला वाट दिली. तो जिना चढू लागला, आणि पायरीपायरीवर त्याच्या बुटांचे नाल वाजू लागले.